घोड्याला वंशावळ, बैलाला नुसते नाव



रोवणी आटोपली आहे, बांध्यांत पाणी उभे आहे आणि पोळा तोंडावर आला आहे. खांदशेकणी होईल, शिंगांना रंग लागेल, झुली निघतील. अशा दिवसांत बैलाचे सोडून मी आज घोड्याची गोष्ट काढणार आहे. थोडा धीर धरा. ही वाट फिरून आपल्याच गोठ्याशी येते.

गेल्या हिवाळ्यात देवरीच्या बाजूला एका शंकरपटाला गेलो होतो. एक पांढरी जोडी अशी सुटली की माणसे टाळ्या वाजवायचे विसरली. शेजारी एक म्हातारे बाबाजी बसले होते. त्यांना विचारले, "बैल कोणाचे?" त्यांनी गाव सांगितले, मालक सांगितला, जोडीची किंमतही सांगितली. मग विचारले, "आणि यांचा बाप कोण?" बाबाजी हसले. म्हणाले, "बाप? आखरातला असन एखादा!"

आजूबाजूचे सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येताना ते उत्तर डोक्यातून जाईना. मुंबईला महालक्ष्मीच्या मैदानावर १८८३ सालापासून घोड्यांच्या शर्यती होत आल्या आहेत. तिथल्या शर्यतीच्या पुस्तकात प्रत्येक घोड्याच्या नावाबरोबर त्याच्या बापाचे आणि आईचे नाव छापलेले असते. त्यांच्यामागचे आजे-पणजेही नोंदवहीत सापडतात. आणि आपला पट जिंकणारा बैल? त्याचा बाप आखरातला!

हा फरक पडला कसा, ते आज पाहू.

इंग्लंडात शर्यतीच्या घोड्यांची वंशावळ छापायला १७९१ साली सुरुवात झाली. वेदरबी नावाच्या घराण्याने हे काम हाती घेतले. कोणत्या घोडीला कोणता घोडा दाखवला, शिंगरू कधी झाले, नर की मादी, रंग कोणता, एवढीच ती नोंद. आज जगातल्या साऱ्या अस्सल शर्यतीच्या घोड्यांची बापाकडची साखळी तीनच घोड्यांपाशी पोचते. ते तिन्ही पूर्वेकडून इंग्लंडात गेलेले होते. त्यांतला एक सिरियातल्या अलेप्पोहून १७०४ साली नेलेला. तो नेणाऱ्या डार्ली नावाच्या माणसावरून त्याला डार्लीचा अरबी घोडा म्हणत.

या अरबी घोड्याच्या खापरपणतवाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तो १७६४ साली सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मला, म्हणून त्याचे नावच 'एक्लिप्स', म्हणजे ग्रहण, असे ठेवले. आपल्याकडे ग्रहणात जन्मलेल्या जनावराकडे लोक थोडे वाकडेच बघतील. हा घोडा मात्र आयुष्यात एकही शर्यत हरला नाही. शर्यती संपल्यावर मालकाने त्याला पैदाशीला ठेवले. आज जगात धावणाऱ्या शर्यतीच्या घोड्यांपैकी बहुतेकांची बापाकडची शाखा त्याच्यापर्यंत जाते. जो जिंकला त्याचे बीज राखले आणि ते लिहून ठेवले. त्यांच्या साऱ्या विद्येचे मूळ एवढेच आहे.

हे झाले श्रीमंतांच्या शर्यतीचे. पण नांगर आणि गाडा ओढणाऱ्या जड घोड्यांचेही तिकडे तसेच होते. स्कॉटलंडातल्या क्लाईड्सडेल जातीच्या घोड्यांची पहिली वंशावळ १८७८ साली छापली गेली. तिथले शेतकरी आपल्यासारखेच. प्रत्येकाला घरी नर घोडा पाळणे परवडत नसे. म्हणून वसंत ऋतूत एक माणूस उत्तम नर घोडा घेऊन ठरलेल्या वाटेने गावोगाव पायी फिरे. त्याच्याजवळ छापील पत्रक असे. घोड्याचा बाप कोण, आई कोण, कोणत्या गावी कोणत्या वारी मुक्काम, हे सगळे त्यात. कुठे कुठे तर शेतकऱ्यांच्या मंडळ्या मिळून हंगामापुरता एक चांगला नर भाड्याने ठरवीत. हीच रीत पुढे ऑस्ट्रेलियात गेली. अस्सल नर आणि तिथल्या शेतावरच्या मजबूत घोड्या यांच्यापासून निपजलेले घोडे जहाजांत भरून मद्रास, कलकत्ता, मुंबईला उतरत आणि आपल्याकडच्या इंग्रजी फौजेच्या तोफा ओढीत. न्यू साउथ वेल्समधून येणारे म्हणून त्यांना 'वेलर' म्हणत.

तुम्ही म्हणाल, घोडे बाहेरून का आणावे लागले? इथे घोडे नव्हते काय?

होते. आपल्या महाराष्ट्रात भीमेच्या खोऱ्यातले भीमथडी तट्टू होते. चण लहान, पण काटक. मराठ्यांच्या स्वाऱ्या त्यांच्या पाठीवर झाल्या. पण १८१८ साली पेशवाई बुडाली, घोडदळे मोडली आणि घोडी राखणाऱ्याला गिऱ्हाईक उरले नाही. पुढे सडका झाल्या, रेल्वे आली. पुणे जिल्ह्यात आळेगावला कंपनी सरकारने पैदाशीची पागा ठेवून पाहिली, तीही बंद पडली. भीमथडीची वंशावळ कोणी लिहिली नव्हती. ज्या जातीने अटकेची वाट तुडवली, तिची स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद व्हायला २०२३-२४ साल उजाडले.

कंपनीचा मोठा प्रयत्न बिहारात पुसा येथे झाला. तिथल्या पागेवर १८०८ साली विल्यम मूरक्रॉफ्ट नावाचा पशुवैद्य आला. चांगल्या नर घोड्यांच्या शोधात तो पार बुखाऱ्यापर्यंत गेला आणि परतताना १८२५ साली वाटेतच मेला. एका चांगल्या नरासाठी माणूस किती दूर जातो पाहा! पण एवढे करूनही पागांचा खर्च परवडेना, निपजलेला घोडा फौजेच्या मनास येईना. १८७० नंतरच्या दहा वर्षांत ही खाती गुंडाळली गेली. मग सरकारी नर जिल्ह्याजिल्ह्यांत ठेवायचे, शेतकऱ्यांच्या निवडक घोड्यांवर डाग द्यायचा आणि त्यांनाच तो नर दाखवायचा, अशी रीत निघाली. पुशाच्या त्याच जागेवर १९०५ साली शेतीची मोठी संशोधन संस्था उभी राहिली, हे जाता जाता सांगतो.

या रीतीचे टोक पंजाबात गाठले गेले. झेलम नदीच्या कालव्याखाली विसाव्या शतकाच्या आरंभी शेतकऱ्यांना जमिनी दिल्या, त्या एका अटीवर. घरी फौजेच्या पसंतीची घोडी पाळायची आणि तिची पैदास चालू ठेवायची. घोडी नाही तर जमीन नाही. जमिनीचे तुकडे पडून घोडी पोसणे जड जाऊ नये म्हणून बापामागे जमीन एकाच वारसाकडे जावी, असाही नियम होता. चार भावांच्या घरात याने काय झाले असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणजे सरकारला घोड्याची गरज होती, म्हणून घोड्याचे सगळे लिहिले गेले. बैलाचा विचार झाला तोही आधी तोफा ओढण्यापुरता. म्हैसूरच्या अमृतमहाल बैलांची कीर्ती त्यातूनच झाली. शेतकऱ्याच्या बैलाकडे सरकारचे लक्ष वळायला फार उशीर लागला. १९२६ ते १९२८ या काळात शेतीविषयक शाही आयोग बसला, त्याने गावोगावच्या निकृष्ट वळूंचा प्रश्न मांडला. त्याचे अध्यक्ष लिनलिथगो पुढे १९३६ साली व्हाइसरॉय झाले, तेव्हा गावाला चांगले वळू द्या असे आवाहन त्यांनी केले. पण आपल्या आखरापर्यंत त्यातले किती पोचले? बाबाजींचे उत्तर तुम्ही ऐकलेच आहे.

आता आपल्या गोठ्याकडे येऊ.

आपल्या घरी होते काय? चार गोऱ्ह्यांतला जो अंगाने भरदार, पायाने सरळ, चालीला चपळ, त्याला आपण औताला निवडतो आणि खच्ची करतो. जो कोणाच्या नजरेत भरत नाही, तो गायकीच्या मागे आखरात हिंडतो. गायी माजावर येतात तेव्हा तोच पुढे असतो. इंग्रजाने जिंकलेल्याचे बीज राखले, आपण हरलेल्याचे राखतो! जुन्या लोकांना हे कळत होते. म्हणून तर गावातला चांगला गोऱ्हा देवाच्या नावाने मोकळा सोडायची रीत होती. त्याला कोणी मारत नसे, कोणी खच्ची करत नसे.

दुसऱ्याला नावे ठेवतो, तर घरचेही सांगतो. आमच्या घरी एक कपिला गाय होती. तिचे तीन गोऱ्हे एकापेक्षा एक निघाले. चिखलात रेड्याच्या बरोबरीने चालत. तिघांनाही आम्ही खच्ची केले. तिला कालवड एकच झाली, ती विकली. आज तसा बैल घ्यावा म्हणून बाजार पालथे घालतो, मिळत नाही. कपिलेला कोणता वळू लागला होता, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. लिहिलेच नाही, तर आठवणार कसे?

आणि आपले जनावर कमी प्रतीचे आहे, असे मुळीच समजू नका. वर्धा-नागपूरकडची गवळाऊ तिच्या चपळ बैलांसाठी नावाजलेली आहे. आणि आपल्या गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडच्या धानपट्ट्यातले, चिखलात राबणारे गुरू, ज्याला आपण नुसते 'गावरान' म्हणत आलो, त्याची 'कठाणी' या नावाने स्वतंत्र जात म्हणून २०२२-२३ साली राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. जातीला नाव मिळाले. आता घराघरातल्या जनावराला आई-बाप मिळायचे राहिले आहेत.

ते काम सरकारचे कमी आणि आपले जास्त आहे. त्याला लागते ती एक शाळेची वही. ती गोठ्यात नको, घरात कालनिर्णयाशेजारी टांगा. गाय माजावर आल्याची तारीख, वळू कोणाचा, वासरू कधी झाले, नर की मादी, रंग, पुढे दूध किंवा कामाची चाल, एवढे लिहा. गाय माजावर आल्याचे बहुतेक घरी धार काढणारीलाच आधी कळते, तेव्हा वही तिच्याच हाती द्या. दवाखान्यात रेतन केले, तर कांडीवर वळूची जात आणि क्रमांक छापलेला असतो. तो डॉक्टरसाहेबांना विचारून उतरवून घ्या. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांकही लिहा.

दुसरी गोष्ट, गोऱ्हा खच्ची करण्याआधी गावातल्या चार जाणत्यांनी एकत्र बसून पाहावे. गावात एक उत्तम गोऱ्हा वळू म्हणून राखावा आणि त्याच्या चाऱ्याचा भार सर्वांनी वाटून घ्यावा. बाकीचे रिकामटेकडे नर वेळेवर खच्ची करून घ्यावेत.

तिसरी गोष्ट, तोच वळू गावात वर्षानुवर्षे ठेवू नये. तीन वर्षांत त्याच्याच कालवडी माजावर येऊ लागतात आणि बाप-लेकीचा संकर झाला की पुढची पिढी खुरटते. तेव्हा शेजारच्या गावाशी वळूची अदलाबदल करावी. कोणाची कालवड कोणाची, हे वहीतच सापडेल.

ट्रॅक्टर आले, गोठे रिकामे होत चालले, हे मलाही दिसते. पण शंभर गुरे असताना एक चूक खपून जाई. आता दारात दोनच उरली आहेत, तिथे चुकीला जागा नाही.

या पोळ्याला बैलाची ओवाळणी झाली की वहीच्या पहिल्या पानावर त्याचे नाव लिहा. पुढे आईचे नाव लिहा. बापाची जागा कोरी राहिली तर राहू द्या. पुढच्या वासराच्या वेळी ती कोरी राहणार नाही, एवढे पाहा.