मदतीची अट कीं मदतीची किंमत ?

जो सावकार कर्ज देतांना कडक अटी लिहून घेतो आणि स्वतःस ऋणकोची गरज लागतांच त्या आपल्याच हातानें खोडून टाकतो, त्याच्या कागदाची बाजारांत काय किंमत राहील, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. सर्वसंहारक अस्त्रांचा प्रसार करणाऱ्या सरकारांस परदेशांनीं आर्थिक मदत देऊं नये, हें तत्त्व आमच्या मतें योग्य आहे. परंतु तें पाळलें कसें गेलें हें पाहिल्यावांचून त्याची स्तुति अथवा निंदा करणें व्यर्थ होय. त्यासाठीं अमेरिका व पाकिस्तान यांच्या व्यवहाराचा इतिहास चाळणें पुरेसें आहे.

इ. स. १९७६ त अमेरिकेनें सिनेटर सायमिंग्टन यांच्या नांवानें ओळखला जाणारा निर्बंध केला. आंतरराष्ट्रीय देखरेख न स्वीकारतां युरेनियम समृद्ध करण्याचीं यंत्रें घेणाऱ्या, तशींच तीं दुसऱ्यांस देणाऱ्या देशांची मदत बंद व्हावी, असा त्याचा आशय. त्याप्रमाणें एप्रिल १९७९ मध्यें पाकिस्तानची मदत बंदहि झाली. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सोव्हिएट फौजा अफगाणिस्तानांत शिरल्या आणि वारें फिरलें. अध्यक्ष कार्टर यांनीं देऊं केलेले ४० कोटि डॉलर जनरल झिया यांनीं ‘शेंगदाणे’ म्हणून झिडकारले. आणि १९८१ त रीगन सरकारनें निर्बंधास बगल देऊन सहा वर्षांसाठीं ३२० कोटि डॉलरांची योजना पुढें केली. अडला हरी कोणाचे पाय धरतो, हें सर्वांस ठाऊकच आहे. कहुता येथील कारखाना मात्र चालूच राहिला.

पुढें १९८५ त प्रेसलर निर्बंध आला. पाकिस्तानजवळ अणुबाँब नाहीं, असा दाखला अध्यक्षांनीं दरसाल द्यावा, तरच मदत मिळावी, अशी त्यांत अट होती. हा दाखला १९८९ पर्यंत बिनबोभाट मिळत गेला. फेब्रुवारी १९८९ त सोव्हिएट फौजा परतल्या, आणि ऑक्टोबर १९९० त तोच दाखला देणें अध्यक्ष बुश यांस अशक्य झालें! मदत थांबली, पैसे भरलेलीं एफ-१६ विमानेंहि रोखून धरलीं गेलीं. ‘गरज सरो, वैद्य मरो’ असें पाकिस्तानी लोकांस वाटलें, तर त्यांत नवल काय ? मदत आपल्या वर्तनावर अवलंबून नसून देणाऱ्याच्या गरजेवर अवलंबून आहे, हाच धडा तेथील राज्यकर्ते शिकले.

मे १९९८ मध्यें हिंदुस्थान व पाकिस्तान या दोघांनींहि अणुस्फोट केले व दोघांवरहि निर्बंध लागले. पण जुलैंतच अमेरिकन कायदेमंडळानें शेतमालाच्या उधारीस सूट दिली. भुकेल्याचें धान्य अडवूं नये, हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु तेथें कळवळा भुकेल्याचा होता, कीं गव्हाच्या गिऱ्हाइकाचा? सप्टेंबर २००१ नंतर उरलेसुरले अडसरहि निघाले. ऑक्टोबर २००३ त लिबियाकडे जाणाऱ्या जहाजावर युरेनियम-यंत्रांचे भाग सांपडले. ४ फेब्रुवारी २००४ रोजीं अब्दुल कादीर खान यांनीं अणुविद्या परदेशीं पुरविल्याची कबुली जाहीरपणें दिली. इराण, लिबिया व उत्तर कोरिया हीं तिचीं गिऱ्हाइकें होतीं. सरकारचा यांत हात नाहीं, असें पाकिस्ताननें सांगितलें, आणि दुसऱ्याच दिवशीं जनरल मुशर्रफ यांनीं खान यांस माफी दिली. त्याच वर्षाच्या जूनमध्यें अमेरिकेनें पाकिस्तानास नाटोबाहेरील प्रमुख मित्राचा मान दिला !

कोणी म्हणेल, मदत तोडून अणुबाँब थांबतच नाहींत. मग हा खटाटोप कशास? त्यास उत्तर दक्षिण कोरियाचें. फ्रान्सकडून प्लुटोनियम वेगळें काढण्याचा कारखाना घेण्याचा तिचा बेत होता. अमेरिकेनें अणुभट्टीचें कर्ज व एकंदर मैत्रीच पणास लावली, आणि १९७६ च्या आरंभीं तो बेत रद्द झाला. कोरियाची भिस्त अमेरिकेवर अधिक होती हें खरें. परंतु धमकी खरी आहे अशी तिची खात्री पटली, हेंहि तितकेंच खरें.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मदत थांबली म्हणजे सेनापतीचें ताट रिकामें होत नाहीं, गरिबाचें होतें. म्हणूनच तोफा-विमानें व सरकारी तिजोरींत जाणारा रोख पैसा एकीकडे, आणि धान्य, औषधें व शाळा दुसरीकडे, अशी वांटणी प्रथमपासून असावी. पहिल्यावर अट कडक, दुसऱ्यावर अट नाहीं. सूट द्यावयाची झाल्यास ती कायदेमंडळांत उघड मतदानानें द्यावी. एका अध्यक्षाच्या सहीनें नव्हे. आणि खान यांच्या जाळ्यास यंत्रें विकणाऱ्यांत युरोपांतील व्यापारीहि होते. त्यांच्या नफ्यास हात न लावतां केवळ गिऱ्हाइकास शिक्षा करणें हा न्याय नव्हे.

शब्द पाळण्यास जेव्हां किंमत पडते, तेव्हांच शब्दाची परीक्षा होते. जी अट गरजेच्या दिवशीं सुटते ती अट नव्हे, ती घासाघिशींतील किंमत होय. आणि किंमत ठरवून मिळणारा माल कोणीहि कधींहि विकत घेऊं शकतो.