अडुळशाचा काढा आणि पुराव्याचा प्रश्न

जीर्ण श्वासरोगावर आमच्या देशातील वनस्पतींची औषधे खरोखर गुणकारी आहेत काय, या प्रश्नाचा निकाल दोन पक्षांनी आपापल्या घरी केव्हाच लावून टाकिला आहे. एकास ग्रंथात लिहिले एवढे प्रमाण पुरते. दुसऱ्यास पाला म्हटला की हसू येते. साक्षीदार न तपासता दिलेले हे दोन्ही निकाल कोणत्याही अपिलात टिकावयाचे नाहीत.

हसणारांस प्रथम उत्तर देऊ. अडुळसा आमच्याकडे कुंपणास लावितात. त्याच्या पानांत व्हॅसिसिन नावाचे द्रव्य असते. त्याच्याच धर्तीवर जर्मनीत ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध सिद्ध झाले, १९६३ साली बाजारात आले, आणि आज आमच्याच पेठेत खोकल्याच्या बाटल्यांतून विकले जाते. परंतु हा मान पाल्यास प्राचीनत्वामुळे मिळाला नाही. कोणी तरी द्रव्य निवडले, मात्रा ठरविली व रोग्यांवर पडताळा पाहिला, म्हणून मिळाला. झाड आमचे आणि परीक्षा परक्याची, ही गोष्ट स्वदेशीच्या अभिमान्यांस खुपावयास नको काय?

आता पुरावा. तंबाखूच्या व चुलीच्या धुराने जडणारा श्वासनलिकांचा जीर्ण अवरोध, ज्यास डॉक्टर सी. ओ. पी. डी. म्हणतात, त्यावरील वनस्पतिजन्य औषधांचे नियमबद्ध प्रयोग एकत्र करून त्यांचे समालोचन २००६ साली ‘युरोपियन रेस्पिरेटरी जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोग भरले चौदा, आणि औषधेही चौदा निरनिराळी! म्हणजे प्रत्येक दाव्यास एकच साक्षीदार, तोही बहुधा कच्चा. गुण वाजवी संशयापलीकडे शाबीत झालेला नाही, असा समालोचकांचा अभिप्राय पडला. शाबीत न होणे म्हणजे खोटे ठरणे नव्हे. पण खरे ठरणे तर मुळीच नव्हे.

आमचा कायदा येथे फारच उदार आहे. औषध नियमावलीतील नियम १५८-ब प्रमाणे ग्रंथोक्त औषध ग्रंथोक्त रोगावरच द्यावयाचे असेल, तर परवान्यासाठी प्रयोगाचा पुरावा लागत नाही. गिऱ्हाईक मात्र परवान्याचा क्रमांक पाहून सरकारने परीक्षा केली असे समजते, आणि घरी जाऊन इनहेलर कपाटात ठेवून देते. या रोगात फुप्फुसाची गेलेली शक्ती परत येत नाही. दम्याच्या कित्येक ‘देशी’ पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे, हे ज्यांस पुडीने चटकन आराम पडतो त्यांनी ध्यानात ठेवावे.

वैद्य म्हणतात, प्रत्येकाची प्रकृती भिन्न, मग एकच परीक्षा कशी? त्यास उत्तर सोपे आहे. वैद्यांनीच प्रकृती पाहून रोगी निवडावेत, व नंतर चिठ्ठ्या टाकून निम्म्यांस औषध द्यावे. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा इंग्लंडात चिठ्ठ्यांच्याच तत्त्वावर झाली व १९४८ साली प्रसिद्ध झाली: औषध घेणाऱ्या ५५ जणांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले, न घेणाऱ्या ५२ पैकी १४. अशा आकड्यांपुढे वादास जागा उरत नाही.

परीक्षा होईपर्यंत बाटलीवर ‘ग्रंथाधारे, रोग्यांवर प्रयोग झालेला नाही’ एवढे स्पष्ट मराठीत छापण्याची सक्ती सरकारने करावी. आणि आमच्या व्यापारी बंधूंनी काढा खुशाल विकावा, पण डॉक्टराचे औषध बंद करा, हा सल्ला गल्ल्यावरून देऊ नये.