गळक्या पंपाची गोष्ट

दोस्तांनो, गेल्या रविवारी आमच्या पुतणीची सायकल अडून बसली. पंक्चर नव्हतं, तरी चाकात हवा भरेना. पंप वर-खाली करून पोरगी घामाघूम झाली. दांडा अगदी सहज आत जायचा, पण ट्यूब रिकामीच.

"काका, पंप गेला. नवीन आणू या," ती म्हणाली.

आम्ही पंप घेऊन कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या अण्णांकडे गेलो. अण्णांनी वरचं टोपण फिरवून काढलं, दांडा बाहेर ओढला आणि त्याच्या टोकाला बसवलेली चामड्याची छोटीशी वाटी दाखवली.

"हे वायसर बघ, बाळा. वाळून कडक झालंय. कडेने सगळी हवा निसटतेय."

त्यांनी तेलाचे दोन थेंब टाकले, बोटाने चोळून वाटीची कड जरा फुलवली आणि पंप पुन्हा जोडला. दहा-बारा दणक्यांत चाक टणक! पैसे विचारले तर अण्णा हसले. "तेलाच्या दोन थेंबांचे कसले पैसे?"

परत येताना पुतणी म्हणाली, "एवढ्याशा चामड्यासाठी अख्खा पंप बंद?"

मी म्हटलं, "पंपाचं काय घेऊन बसलीस! अशाच एका चामड्याच्या तुकड्यावाचून जगातलं एक मोठं यंत्र शंभर वर्षांहून जास्त काळ कागदावरच राहिलं होतं."

तीच गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

एक माणूस, शंभर माणसांचं बळ

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कल नावाचा मोठा बुद्धिमान माणूस होऊन गेला. बंद भांड्यातल्या पाण्यावर एका जागी दाब दिला, तर तो दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे त्याने दाखवून दिलं. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात हा 'पास्कलचा नियम' असतोच.

आता गंमत पाहा. पाण्याने भरलेल्या दोन नळ्या खालून जोडल्या आहेत. एकीचं तोंड १ चौरस सेंटिमीटर, दुसरीचं १०० चौरस सेंटिमीटर. दोन्हींत दट्टे बसवले आहेत. लहान दट्ट्यावर १० किलोचं वजन ठेवलं, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला १० किलोचा भार आला. तोच दाब मोठ्या दट्ट्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरही आला. म्हणजे मोठा दट्ट्या किती वजन तोलून धरेल? तब्बल १००० किलो! लहान दट्ट्या ढकलणारा एक माणूस शंभर माणसांना भारी पडेल, असं पास्कलनेच लिहून ठेवलं होतं. हे लिखाण त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापून आलं.

"म्हणजे ताकद फुकट मिळाली की!" असं कुणी म्हणेल. पण छे! मोठा दट्ट्या १ सेंटिमीटर वर चढायला लहान दट्ट्या १०० सेंटिमीटर आत जावा लागतो. बळ वाढतं, पण अंतरात किंमत मोजावी लागते. म्हणून लहान दट्ट्याच्या जागी पंप बसवायचा. पाणी आत जाईल पण मागे येणार नाही, अशी झडप ठेवायची आणि पुन्हापुन्हा दणके मारत राहायचं.

इतकं सोपं होतं, तर मग यंत्र का नाही झालं?

शेतकऱ्याचा लंगडा मुलगा

आता इंग्लंडला जाऊ. तिथे यॉर्कशायर परगण्यात १७४८ साली एका शेतकऱ्याच्या घरी जोसेफ ब्रामाचा जन्म झाला. तो शेतीच करायचा, पण सोळाव्या वर्षी पायाला इजा झाली आणि नांगर सुटला. मग सुतारकाम शिकून पठ्ठ्या लंडनला गेला. तिथे श्रीमंतांच्या घरी संडास बसवायचं काम मिळालं. त्या संडासांची सरकती झडप थंडीत नीट चालत नसे. ब्रामाने बिजागरीवर हलणारी झडप बसवली आणि १७७८ साली त्याचं पेटंट घेतलं. नाक मुरडू नका! मोठ्या शोधांची सुरुवात अशाच ठिकाणी होते.

पुढे त्याने एक कुलूप केलं. ते इतकं पक्कं, की त्याने दुकानाच्या खिडकीत पाटीच लावली: हे कुलूप उघडणारं हत्यार जो करील त्याला २०० गिनी बक्षीस! ते कुलूप १८५१ सालापर्यंत कुणालाच उघडता आलं नाही. त्या वर्षी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ते उघडलं, पण त्यालाही १६ दिवसांत मिळून ५१ तास खपावं लागलं.

अशी कुलपं मोठ्या संख्येने करायची तर तसेच हुशार हात हवेत. १७८९ च्या सुमाराला ब्रामाच्या कारखान्यात एक अठरा वर्षांचा पोरगा काम मागायला आला. त्याचं नाव हेन्री मॉड्स्ले. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे त्याने सात वर्षं उमेदवारी केलेली नव्हती, म्हणून मुकादम कां कूं करू लागला. तिथे एक झिजलेला शेगडा पडला होता. शेगडा म्हणजे काम करताना लोखंड घट्ट पकडून ठेवायचं साधन. मॉड्स्ले म्हणाला, "सहाच्या आत हा नव्यासारखा करून दिला तर ठेवाल?" आणि त्याने करून दिला! त्याला काम मिळालं, आणि थोड्याच वर्षांत तो तिथला मुख्य कारागीर झाला.

पाणी निसटतं कुठून?

१७९५ साली ब्रामाने पास्कलच्या नियमावर चालणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं. यालाच आपण हायड्रॉलिक प्रेस म्हणतो. पण खरी कसोटी पुढेच होती. दाब वाढला की मोठ्या दट्ट्याच्या कडेने पाणी चिळकांड्या मारत बाहेर यायचं. थेट आमच्या पुतणीच्या पंपासारखं! बरं, कडेच्या फटीत काही घट्ट ठासून भरावं, तर दट्ट्याच अडकायचा. दाब काढला तरी खाली येईना. सैल ठेवलं तर गळतं, घट्ट केलं तर अडतं.

उपाय निघाला चामड्यात. दट्ट्याभोवती चामड्याचं एक कडं बसवलं. त्याची कड आत मुडपलेली, पन्हाळीसारखी पोकळ. दाबाचं पाणी त्या पोकळीत शिरतं आणि चामड्याची कड दट्ट्यावर दाबून धरतं. दाब जितका जास्त, तितकी कड घट्ट. दाब काढला की कड सैल, आणि दट्ट्या मुकाट्याने खाली. जे पाणी निसटू पाहत होतं, त्यालाच दार बंद करायच्या कामाला लावलं! आहे की नाही अक्कल?

ही अक्कल कुणाची? पेटंट ब्रामाचं, कारखानाही ब्रामाचा. पण पुढे मॉड्स्लेच्या हाताखाली काम केलेल्या जेम्स नॅस्मिथ या इंजिनिअरने सांगितलं, की ते चामड्याचं कडं मॉड्स्लेने सुचवलं होतं. सॅम्युएल स्माइल्स या लेखकाने ते १८६३ साली आपल्या पुस्तकात छापलं. तोवर ब्रामा आणि मॉड्स्ले दोघंही हयात नव्हते.

मॉड्स्लेला तेव्हा आठवड्याला ३० शिलिंग पगार होता. लग्न झालेलं, संसार वाढलेला. त्याने पगारवाढ मागितली. ब्रामाने नाही म्हटलं. १७९७ साली मॉड्स्लेने काम सोडलं आणि स्वतःचं छोटं दुकान थाटलं. पुढे अचूक आटे पाडणाऱ्या लेथमुळे त्याचं नाव सगळीकडे झालं. नॅस्मिथ, व्हिटवर्थ असे नामवंत इंजिनिअर त्याच्याच कारखान्यातून पुढे आले. चार पैसे वाचवायला गेलेल्या ब्रामाने सोन्यासारखा माणूस गमावला.

नोटांवरचे आकडे

पण ब्रामा काही थांबला नाही. तळघरातल्या पिंपातून पेय वर खेचणारा हातपंप, लाकूड रंधणारं यंत्र, एका पिसापासून लेखणीची अनेक टोकं कापणारं यंत्र, असं त्याचं काही ना काही चालूच असे. त्याच काळात बँक ऑफ इंग्लंडने एक आणि दोन पौंडांच्या छोट्या नोटा काढल्या होत्या. नोटा ढीगभर, आणि प्रत्येकीवर क्रमांक हाताने लिहायचा! कारकुनांची बोटं दुखून जात असतील. ब्रामाने १८०६ साली त्यासाठी यंत्र केलं. चकत्यांच्या कडेवर आकडे कोरलेले, आणि चकती फिरली की पुढचा आकडा छापायला हजर. छापखान्यात पावतीपुस्तकावर ओळीने क्रमांक टाकणारं नंबरिंग मशीन कधी पाहिलंत, तर समजा की हा त्याचा पणजोबा.

शेवटी शेवटी त्याने दाबयंत्राच्या बळावर झाडं मुळासकट उपटणारं यंत्र केलं. हॅम्पशायरमधल्या होल्टच्या जंगलात ते काम बघत असताना त्याला थंडी बाधली, न्यूमोनिया झाला आणि ९ डिसेंबर १८१४ रोजी तो वारला.

त्याचं दाबयंत्र मात्र जगभर गेलं. आपल्या विदर्भात आणि खानदेशात कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुईच्या गाठी दाबतात त्या अशाच यंत्राने. रस्ता खोदणारा जेसीबी पाहायला तर तुम्ही शाळेचा उशीरही पत्करता! पुढच्या वेळी त्याच्या हाताकडे नीट बघा. चकचकीत दांडा आत-बाहेर होतो ना? आत पाण्याऐवजी तेल असतं आणि चामड्याच्या जागी रबरासारख्या पदार्थाची कडी. तत्त्व मात्र तेच.

करून पाहा

औषधाच्या दुकानातून सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंज आणा, एक ५ मिलिलिटरची आणि एक २० मिलिलिटरची. दोन्हींची तोंडं जोडायला एक मऊ प्लॅस्टिकची नळी घ्या. सगळीकडे पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. हे काम मोरीत करा, नाहीतर आईची बोलणी खाल! आता मोठी सिरिंज बाबांच्या हातात द्या आणि लहान तुम्ही घ्या. दोघांनी एकाच वेळी दट्टे दाबा. कोण जिंकतं, ते आम्हाला कळवा.

पुतणीने हा प्रयोग केला. तिचे बाबा हरले. तिला कोण आनंद! मग जरा वेळाने तिने विचारलं, "काका, त्या यंत्रावर मॉड्स्लेचं नाव का नाही घातलं?"

याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. शाळेच्या प्रदर्शनात पाच जणांनी केलेल्या मॉडेलवर एकाचंच नाव लागतं, तेव्हा आपल्याला कसं वाटतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. पुढच्या वेळी नावांची पाटी लिहायचं काम तुमच्याकडे आलं, तर वायसर बसवणाऱ्याचं नाव विसरू नका.

आणि पालकांनो, पंप फेकून देण्याआधी तेलाचे दोन थेंब टाकून बघा.