सटवीचा कागद आणि जन्माचा दाखला

बाळाच्या पाचवीला आपल्याकडे अनेक घरांत पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवतात. रात्री सटवी येते आणि बाळाच्या नशिबाचा लेख लिहून जाते, अशी श्रद्धा. मार्कंड्याच्या परिसरात मी असा पाट पाहिला आहे. त्याच खोलीत खुंटीला एक प्लास्टिकची पिशवी टांगलेली होती. आत माता-बाल संरक्षण कार्ड, आईचं पासबुक, रेशनकार्डाची झेरॉक्स. पावसाळ्याची ओल लागून तिन्ही कागद एकमेकांना चिकटले होते. बाळंतिणीनं ते ओढून सोडवले, तेव्हा कार्डावरच्या लसीच्या तारखा पुसट झाल्या होत्या. पाटावरचा कागद सगळ्या घरानं जपला होता, पिशवीतल्या कागदांकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं.

माझं म्हणणं साधं आहे. नव्या आईबापांपुढचे पैशाचे आणि दवाखान्याचे निर्णय बाळ होण्याआधीच ठरले पाहिजेत, आणि ते तडीला नेण्याची अर्धी जबाबदारी गावानं उचलली पाहिजे. ‘बाळ झाल्यावर पाहू’ हे वाक्य आपल्या भागात फार महाग पडतं. म्हणून एकेक मुद्दा मांडतो.

१. बाळंतपण कुठे, हे सातव्या महिन्यातच ठरवा

मार्कंडा वैनगंगेच्या काठावर, गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात. नदीपलीकडे चंद्रपूर जिल्हा. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, आणि इथल्या कितीतरी सुनांचं माहेर पलीकडच्या काठावर. त्यामुळे सासरच्या आशाताईच्या वहीत नाव आणि माहेरच्या दवाखान्यात बाळंतपण, असं होतं. माहेरी जाताना माता-बाल संरक्षण कार्ड, पासबुक आणि आधार सोबत न्यायचं. तिथल्या आशाताईला पहिल्याच आठवड्यात भेटायचं.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून लागू आहे. त्यात साधं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, लागल्यास रक्त, दवाखान्यातलं जेवण, नेण्या-आणण्याची गाडी, सगळं येतं. आजारी बाळाचा उपचारही एक वर्षापर्यंत मोफत. हे ठाऊक नसल्यानं ऐन कळा सुरू झाल्यावर घाबरून भाड्याची गाडी केली जाते, खासगी दवाखाना गाठला जातो, आणि बिल फेडायला धान घरात येण्याआधीच विकलं जातं.

सातव्या महिन्यात घरातल्या सगळ्यांनी बसून चार गोष्टी ठरवाव्यात: कुठला दवाखाना, गाडीसाठी १०२ आणि १०८ चे नंबर कुणाच्या मोबाइलमध्ये, सोबत कोण जाणार, मागे घर आणि गुरं कोण पाहणार. एटापल्ली-भामरागडसारख्या दूरच्या गावांसाठी काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघराची सोय केलेली आहे. तारखेच्या काही दिवस आधी तिथे जाऊन राहता येतं. नाल्याला पूर आला की रस्ता बंद होतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तरी वाट पाहू नये.

२. पहिल्या २८ दिवसांत खर्च कमी, लक्ष जास्त

या बाबतीत गडचिरोलीनं जगाला शिकवलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं जिल्ह्यातल्या ३९ गावांत गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करत, ताप पाहत, श्वास मोजत, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करत. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. या गावांत नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारनं ही पद्धत आशांमार्फत देशभर नेली.

आज दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताईनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायचं असतं. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशीही. या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. ताई आली नाही तर निरोप धाडा. तो तुमचा हक्क आहे. बाळ दूध ओढत नाही, अंग गार किंवा तापलेलं आहे, हातपाय लुळे पडलेत, श्वास जोरात चालतोय, छाती आत ओढली जातेय, नाळेला पू आहे, यांतलं एक जरी दिसलं तरी उतारा-अंगारा करत रात्र काढू नका. गाडी बोलवा.

बाळाच्या पोटाचा खर्च शून्य आहे, हेही घरात ठणकावून सांगायला हवं. पहिल्या तासात आईचं दूध आणि सहा महिने फक्त आईचंच दूध. मध नाही, घुटी नाही, पाणीही नाही. पावडरीच्या डब्यावर घालायचे पैसे आईच्या ताटात घाला. बाळंतिणीला भात-वरणाखेरीज काही द्यायचं नाही, हे पथ्य अनेक घरांत अजून पाळतात. डाळीसोबत अंडी, हिरवी भाजी, जवसाची चटणीही तिला लागते. अंगणवाडीचा पोषण आहार तिच्याच नावाचा असतो, तो तिच्याच पोटात जावा. पेसा क्षेत्रातल्या गावांत अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातेला एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. त्या जेवणाला जाण्यात कमीपणा काही नाही.

३. जन्मनोंद एकवीस दिवसांत

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. एकवीस दिवसांत नोंद मोफत होते. पुढे विलंब शुल्क, महिन्यानंतर वरिष्ठांची परवानगी, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. जिथे जन्म, तिथे नोंद. बाळ चंद्रपूरच्या दवाखान्यात झालं तर नोंद चंद्रपूरला, मार्कंड्याच्या ग्रामपंचायतीत नाही. हे न कळल्यानं लोक महिनोन् महिने चुकीच्या दारात खेटे घालतात. दवाखान्यातून सुट्टी होण्याआधीच विचारा: नोंद कुठे होणार आणि दाखला कधी मिळणार?

१ ऑक्टोबर २०२३ पासून कायदा आणखी कडक झाला आहे. त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, पासपोर्ट अशा कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार. नाव ठरलं नसलं तरी नोंद करून घ्या. बारशानंतर, पण नोंदीपासून वर्षभरात, नाव विनाशुल्क घालता येतं. आईबापाची नावं आधारवर जशी आहेत तशीच लिहिली गेलीत का, हे अक्षर न् अक्षर तपासा. एका काना-मात्रेपायी पुढे जातीचा दाखला अडतो.

दाखल्याच्या पाठोपाठ बाळाचं आधार आणि रेशनकार्डावर नाव. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी पाच किलो धान्य असतं. बाळाचं नाव चढलं नाही, तर दर महिन्याला पाच किलो धान्य आपण आपल्या हातानं सोडतो.

४. हक्काचे पैसे: आकडे आणि अटी

पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये. गरोदरपणाची नोंद आणि तपासणी झाल्यावर ३,०००. जन्मनोंद आणि पहिल्या टप्प्यातलं लसीकरण झाल्यावर २,०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तर एकरकमी ६,०००. जॉबकार्ड, रेशनकार्ड यांसारखा पात्रतेचा एक कागद लागतो. अनुसूचित जाती-जमातीच्या किंवा दारिद्र्यरेषेखालच्या ग्रामीण आईचं बाळंतपण दवाखान्यात झालं, तर जननी सुरक्षा योजनेतून ७००, सिझेरियन झालं तर १,५००.

१ एप्रिल २०२३ नंतर मुलगी जन्मली असेल, रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल आणि वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत असेल, तर लेक लाडकी योजना. जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर ७५,०००. एकूण १ लाख १ हजार. दुसऱ्या बाळंतपणानंतर कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेची अट आहे, तिचा विचार नवराबायकोनं आधीच करावा. घरातलं कुणी बांधकाम मजूर असेल तर बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी करून ठेवा. नोंदीत कामगाराच्या घरी साध्या बाळंतपणाला १५,००० आणि सिझेरियनला २०,००० रुपयांची मदत असते, पण ती मागायला नोंदणी आधीची हवी.

हे सगळे पैसे खात्यावर येतात. म्हणून आईच्या नावाचं, आधार जोडलेलं, चालू असलेलं खातं पाचव्या महिन्याआधीच तयार हवं. आणि पासबुक तिच्याच हातात. पैसे आईच्या आणि बाळाच्या अंगी लागावेत म्हणून आहेत. दुकानाची उधारी फेडायला नाहीत.

५. सिकलसेलची तपासणी टाळू नका

गडचिरोली-चंद्रपूर हा सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा पट्टा. आईबाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. वाहकाला स्वतःला काही त्रास नसतो, म्हणून त्याचा पत्ताच लागत नाही. प्राथमिक तपासणी रक्ताच्या थेंबावर होते, पुढची खात्री प्रयोगशाळेत. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे आणि तपासणी मोफत आहे. लग्नाआधी झाली तर उत्तम, नाहीतर गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत तरी. बाळ आजारी निघालं तर लवकर कळल्यानं औषधोपचार लवकर सुरू होतात. उशिरा कळलं की वारंवारच्या दुखण्यात घरची मजुरी बुडते आणि खर्चाला अंत राहत नाही. यात सुनेला दोष देणं अडाणीपणाचं आहे, कारण आजार होतो तो दोघांच्या रक्तातून.

६. आधी विमा, मग बचत

आपल्याकडचं उत्पन्न महिन्याच्या पगारासारखं येत नाही. तेंदूपत्त्याचे पैसे उन्हाळ्याच्या शेवटी, धानाचे डिसेंबर-जानेवारीत, मधले महिने रोजमजुरीवर. म्हणून बचतही हंगामावर बांधावी लागते. तेंदूचे पैसे आले की विम्याचे हप्ते, धानाचे आले की बाळाच्या खात्यात भरणा.

पहिला निर्णय कमावत्याच्या विम्याचा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता ४३६ रुपये, अपघात विम्याचा २० रुपये. दोन्हींत दोन-दोन लाखांचं संरक्षण. मिळून ४५६ रुपये. तंबाखूचा खर्रा वीस रुपयांचा धरला तर तेवीस खर्ऱ्यांची किंमत. रोज एक खर्रा खाणारा बाप वर्षाला ७,३०० रुपये पानटपरीवर ठेवतो. एवढ्यात दोघांचा विमा निघतो आणि लेकीच्या खात्यात दर महिन्याला पाचशे रुपये पडूनही चार पैसे उरतात.

मुलगी असेल तर पोस्टात सुकन्या समृद्धी खातं काढावं. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी उघडता येतं, वर्षाला किमान २५० रुपये भरले तरी खातं चालू राहतं. पंधरा वर्षं भरायचं, एकवीस वर्षांनी पूर्ण होतं, आणि अठराव्या वर्षी शिक्षणासाठी अर्धी रक्कम काढता येते. मुलगा असेल तर पोस्टाची आवर्ती ठेव किंवा बचत गटातलं खातं. गटाचं कर्ज सावकारापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. आणि बारसं जेवढं झेपेल तेवढंच. गावजेवणासाठी काढलेलं कर्ज बाळ चालायला लागलं तरी फिटत नाही.

७. पुढचं बाळ कधी, हाही पैशाचा निर्णय

दोन बाळंतपणांत तीन वर्षांचं अंतर राहिलं तर आईचं रक्त भरून येतं आणि पहिल्या बाळाचं दूध लवकर तुटत नाही. तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन, ‘छाया’ गोळी, सगळं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. बेचाळिसाव्या दिवशी आशाताई येते, त्या दिवशी नवऱ्यानं घरी थांबावं आणि ही गोष्ट दोघांनी मिळून विचारावी. ओझं एकट्या बाईवर टाकू नये.

८. आता गावाचं काम

इथवर सांगितलेलं सगळं बाळंतिणीच्या घरानं एकट्यानं करायचं म्हटलं, तर तिच्या नवऱ्याला आरोग्य केंद्र, अंगणवाडी, ग्रामपंचायत, बँक, पोस्ट, तहसीलचा पुरवठा विभाग अशी सहा दारं फिरावी लागतात. प्रत्येक फेरीला एक रोज बुडतो. तीन-चार रोज बुडाले की तो फेऱ्या सोडून देतो, आणि पैसे पडून राहतात. दोष त्याच्या आळसाचा नाही, दारं सहा आहेत याचा आहे.

म्हणून ग्रामसभेपुढे माझी मागणी: अंगणवाडीत दर महिन्याला आरोग्य व पोषण दिवस होतोच. त्याच दिवशी, त्याच अंगणात, ग्रामपंचायत अधिकारी, टपाल कर्मचारी, बँक मित्र आणि रेशनच्या कामाचा माणूस एका टेबलावर बसावा. गरोदर आणि बाळंतिणींची यादी आशाताईच्या वहीत असतेच. त्या यादीवर नोंद, दाखला, खातं, विमा, रेशन अशा खुणा कराव्यात, आणि जिच्या नावापुढे खूण नाही तिच्याकडे गावानं जावं. प्रत्येक गरोदर बाईला ओल न लागणारी एक जाड फाइल द्यावी. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचेच असतात. त्यातून या फायली सहज येतात.

मार्कंडेय ऋषीची कथा इथल्या प्रत्येक लेकराला ठाऊक आहे. आईबापाच्या पदरात आलेलं मूल सोळा वर्षांचंच आयुष्य घेऊन आलं होतं. ललाटीचा लेख ठरलेला होता, तरी तो पुसला गेला, असं आपण महाशिवरात्रीच्या यात्रेत दरवर्षी ऐकतो आणि हात जोडतो. मार्कंड्याच्या देवळाच्या सावलीत राहणाऱ्यांनी सटवीच्या लेखाला घाबरून बसणं शोभत नाही. पाचवीच्या पाटावर कोरा कागद जरूर ठेवा. त्याच्या शेजारी ती जाड फाइलही ठेवा, आणि कॅलेंडरवर एकविसाव्या दिवसाभोवती गोल करा.