लाइन-लॉकच्या भरवशावर गाडी उभी करू नका

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या टॅक्सीतून निवृत्त झाली. आता उरल्या त्या हौसेने जपलेल्या घरच्या गाड्या. अशी पद्मिनी, जुनी फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडर ज्यांच्या दारात आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. हँडब्रेक धरत नाही किंवा गाडी चोरीला जाईल अशी धास्ती वाटते, म्हणून ब्रेकच्या पाइपात लाइन-लॉक बसवायचं मनात असेल, तर आधी ते कशासाठी बनलंय ते समजून घ्या.

लाइन-लॉक अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगमध्ये वापरतात. शर्यत सुटण्याआधी मागची चाकं जागच्या जागी फिरवून टायर तापवायचे असतात. चालक पेडल दाबतो आणि बटण दाबून धरतो. 12 व्होल्टवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बंद होऊन पुढच्या ब्रेकमधला दाब कोंडून ठेवतो. पेडल सोडलं तरी पुढची चाकं जखडलेली आणि मागची मोकळी. हे काम काही सेकंदांचं.

रात्रभर गाडी धरून ठेवणं वेगळं. ब्रेक ऑइल दाबाखाली जवळजवळ आकसत नाही. म्हणूनच पेडलचा जोर चाकापर्यंत पोचतो, आणि म्हणूनच कोंडलेल्या दाबाला पाठबळ देणारं आत फारसं काही नसतं. व्हील सिलिंडरच्या रबरातून जरासं तेल झिरपलं, किंवा घाट उतरताना तापलेलं तेल रात्री गार झालं, तरी दाब उतरू शकतो. उतारावरची गाडी कुणाला न कळता सुटते. बटण तासन्‌तास चालू ठेवलं तर कॉइल तापते, बॅटरी उतरते, आणि वीज गेली की व्हॉल्व्ह उघडतो. काही लॉक हाताने फिरवायची असतात, त्यांना बॅटरी लागत नाही. पण तेलाचं दुखणं तेच. हँडब्रेक केबलने ओढलेला असतो. तेल सगळं गळून गेलं तरी तो धरतो.

तेव्हा पैसे आधी तिथे घाला. केबल बदला, शू लावून घ्या, ड्रममध्ये अ‍ॅक्सलचं तेल उतरतंय का ते पाहा. चढावर गाडी लावाल तेव्हा पहिला गिअर, उतारावर रिव्हर्स, आणि चाकाला लाकडी ठोकळा. चोरीच्या भीतीवर स्टिअरिंगचं कुलूप आणि बॅटरीचा लपवलेला स्विच बरा.

तरीही बंद ट्रॅकवरच्या हौसेसाठी लॉक हवंच असेल, तर ब्रेकचं काम जाणणाऱ्या मेकॅनिककडूनच बसवा. तुमच्या गाडीचा मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असेल, तर नवा प्रत्येक जोड हा चारही ब्रेक एकदम जाण्याची एक वाट आहे, हे विसरू नका. लॉक फक्त पुढच्या लाइनवर येतं. मागच्या लाइनला हात लावायचा नाही. फियाटचे आटे आणि अ‍ॅम्बेसेडरचे आटे वेगळे, त्यामुळे चार फेऱ्यांत अडकणारा नट पान्ह्याने रेटू नका. मूळ पाइप कापू नका. तो अख्खा काढून कापडात गुंडाळून ठेवा आणि त्या जागी तोंडं नीट फुलवलेला नवा पाइप घाला. 2021 च्या केंद्रीय नियमांनी 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ ही वेगळी नोंदणी आणली. तिला गाडी मूळ रूपात लागते, आणि कापलेला पाइप परत जोडता येत नाही.

जुने रबरी होज याच वेळी बदला. ते बाहेरून धड दिसतात आणि आतून सुजून बंद झालेले असतात. तेल नव्या, न फोडलेल्या डब्यातलंच घ्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 3 कोरडं असताना निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरला की ही हद्द 140 पर्यंत खाली येते. घाटात पेडल मऊ पडतं त्याचं एक कारण हेच. इंजिन ऑइल त्यात चुकूनही नको, सगळी रबरं फुगतात. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

एअर काढून झाली की इंजिन बंद ठेवून, गाडी सपाटीवर असताना पेडल मिनिटभर जोरात दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका. मग प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवून पुन्हा दाबा, आणि टॉर्च घेऊन एकेक कागद बघा.