दोष दुसऱ्या गावचा

मुंबईचा मनुष्य पुण्यास आला म्हणजे तेथील दुचाकीस्वारांवर चिडतो. पुण्याचा मनुष्य मुंबईस गेला म्हणजे भोंग्यांच्या गोंगाटाने हैराण होतो. आणि दोघेही सांगली-कोल्हापुराकडे निघाले, की उसाच्या ट्रॉलीवाल्याला एकमुखाने दोष देतात. शेजाऱ्याची वाईट सवय प्रत्येकास चटकन दिसते. स्वतःची मात्र सवय म्हणून जाणवतच नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे!

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. सायकल जिकडून जाईल तिकडून वाट काढावी, अशी तेव्हाची रीत. पुढे सायकलीच्या जागी इंजिनाची दुचाकी आली. वेग कितीतरी पटींनी वाढला. पण वळसा चुकविण्यासाठी उलट्या दिशेने येण्याची, प्रसंगी पदपथावरही चढण्याची रीत तीच राहिली. शिरस्त्राणाची सक्ती तर तेथे पुष्कळांना स्वातंत्र्यावरील घाला वाटते. डोके फुटण्याचे स्वातंत्र्य कोणास हवे असते, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक!

मुंबईची तऱ्हा निराळी. तेथे जो तो घाईत. हिरवा दिवा लागण्यापूर्वीच मागचे भोंगे वाजू लागतात. २०२० सालाच्या प्रारंभी मुंबई पोलिसांनी यावरील एका मजेदार प्रयोगाची माहिती प्रसिद्ध केली. चौकातील गोंगाट ८५ डेसिबलांच्या वर गेला, की तांबड्या दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजली जाई. उतावळ्यांना त्यांच्याच उतावळेपणाची शिक्षा मिळे.

या दोन शहरांच्या मधल्या बोरघाटात मात्र आणखी एक खोड दिसते, आणि ती कोणत्याही एका गावची नाही. इंधन वाचावे म्हणून काही मालमोटारवाले उतारावर गिअर काढून गाडी मोकळी सोडतात. मग इंजिनाचा आवर सुटतो, सारा भार ब्रेकांवर पडतो, ते तापतात आणि ऐन वेळी निकामी होतात.

असे असले तरी, सगळ्या खोडी एकाच मापाने मोजणे बरोबर नव्हे. भोंग्याने कान किटतात. उलट्या दिशेने येणारा निदान समोरच्याला दिसतो. पण गाळपाच्या हंगामात, काळोख्या रात्री, एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या चालल्या आहेत, मागे दिवा नाही आणि असला तरी लोंबत्या उसाच्या वाढ्यांनी झाकलेला आहे, अशा वेळी मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला काय दिसणार? रस्त्यात उभी केलेली काळी भिंतच ती. आणि ती दिसते तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो.

ट्रॅक्टरवाल्याच्या मनात कोणाचे वाईट नसते. त्याची कमाई खेपांवर आणि टनांवर ठरते. कारखान्यावर रांगेत तासन् तास खोळंबलेला तो माणूस पुढच्या खेपेसाठी रात्रीच निघतो. म्हणून केवळ त्याच्या नावाने बोटे मोडून भागणार नाही. प्रकाश पडताच चमकणाऱ्या तांबड्या पट्टीला खर्च तो कितीसा? प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर चढतेच. उसाचे वजन तेथे इतक्या बारकाईने पाहिले जाते. ट्रॉलीच्या मागे पट्टी आहे की नाही, हेही तेथेच पाहावयास कितीसा वेळ लागणार आहे?