विश्लेषण : विमान आले की ढग पळतात? नगर-बारामतीवरील ११ वर्षांच्या प्रयोगाचे उत्तर

पावसाने ओढ दिली की पारनेर, कर्जत, जामखेडच्या पारावर दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, सरकारने कृत्रिम पाऊस पाडावा. दुसरे, विमान आले की होते ते ढगही पळतात. पहिले निवेदनात जाते, दुसरे हसण्यावारी. मात्र या दुसऱ्या वाक्याची तपासणी नगर जिल्ह्याच्याच आकाशात होऊन गेली आहे आणि तिचा निष्कर्ष हसणाऱ्यांनीही वाचावा असा आहे.

काय होता हा प्रयोग?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने (आयआयटीएम) १९७३, १९७४, १९७६ आणि पुढे १९७९ ते १९८६ असे ११ पावसाळे तेव्हाचा अहमदनगर जिल्हा आणि बारामतीच्या पट्ट्यात ढगांवर मीठ फवारले. हा पट्टा निवडण्याचे कारण उघड आहे. अकोले तालुक्यातील घाटघर, रतनवाडीला पाऊस कोसळत असताना सह्याद्रीच्या आडोशाला असलेल्या पूर्वेकडील तालुक्यांत वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपासच पडतो. ढग रोज येतात, बरसत नाहीत.

या कामामागे डॉ. रमणा मूर्ती यांची अख्खी कारकीर्द होती. १९५७ ते १९६६ या काळात दिल्ली, आग्रा, जयपूर येथे जमिनीवरून हवेत मीठ सोडण्याच्या प्रयोगांत ते होते. पुढे ते पुण्याच्या संस्थेचे संचालक झाले. त्यांचे सहकारी डॉ. ए. एस. आर. मूर्ती यांनी नगर-बारामती प्रयोगाचा एकत्रित अहवाल अनेक सहलेखकांसह प्रसिद्ध केला, तो २००० साली. शेवटच्या उड्डाणानंतर १४ वर्षांनी!

मीठच का?

ढगातला थेंब आपोआप तयार होत नाही. वाफेला बसायला हवेत तरंगणारा एखादा कण लागतो. धूळ, धूर, समुद्राचे मीठ, काहीही. शास्त्रज्ञ या कणांना एरोसोल म्हणतात. ढगातील थेंब इतके बारीक असतात, की असे लाखो एकत्र आले तर पावसाचा एक थेंब होतो. मिठाचा मोठा कण पाणी झटकन ओढतो, जड होतो आणि खाली येताना लहान थेंबांना सोबत घेतो. म्हणून डाकोटा विमानातून बारीक दळलेले मीठ फवारले जाई. गुठळ्या होऊ नयेत यासाठी दहा भाग मिठात एक भाग शंखजिऱ्याची पूड मिसळत.

प्रयोगाची खरी ताकद त्याच्या आखणीत होती. प्रदेशाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग, मध्ये मोकळा पट्टा. त्या दिवशी कोणत्या भागावर मीठ टाकायचे, हे एक प्रकारे चिठ्ठी टाकून ठरे; दुसरा भाग तुलनेसाठी मुद्दाम सोडला जाई. दुष्काळी तालुक्यात ‘आज तुमची पाळी नाही’ हे आजच्या राजकारणात कोण सांगेल? पण त्याशिवाय पाऊस मिठाने पडला की नशिबाने, हे कळायला मार्ग नाही.

मग उत्तर काय मिळाले?

सरासरी २४ टक्के जास्त पाऊस. हा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता शंभरात चार. वर्तमानपत्री मथळा इथेच संपतो, पण महत्त्वाचे पुढे आहे. एक किलोमीटरपेक्षा जाड आणि भरपूर पाणी असलेल्या ढगांनी मिठाला साथ दिली. पातळ, कमी पाण्याच्या ढगांत मात्र उलटा कल दिसला. मीठ टाकल्यावर ते विरण्याकडे झुकले. म्हणजे पारावरचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. विमानाच्या आवाजाने ढग पळत नाहीत, पण चुकीचा ढग निवडला तर फवारणी अंगलट येऊ शकते.

आता हवाही बदलली आहे. १९९९ मध्ये हिंदी महासागरावर झालेल्या ‘इंडोएक्स’ मोहिमेत भारतीय उपखंडातून गेलेल्या धुराचा तपकिरी थर आढळला. हे कण जमिनीपर्यंत पोहोचणारे ऊन कमी करतात आणि वरची हवा तापवतात. २००९ पासून आयआयटीएमच्या ‘कायपीक्स’ मोहिमेतील विमाने ढगांतून फिरली. कण वाढले की तेवढेच पाणी अधिक आणि बारीक थेंबांत वाटले जाते आणि पाऊस सुरू व्हायला ढग अधिक उंच वाढावा लागतो, असे त्यातून दिसले. त्यामुळे १९८० चे उत्तर आजच्या ढगांना जसेच्या तसे लागू करता येणार नाही.

याच मोहिमेत सोलापूर परिसरात २७६ ढगांवर पुन्हा चिठ्ठीच्या पद्धतीने काम झाले. निष्कर्ष २०२३ मध्ये आले : काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत वाढ, तर वाऱ्याच्या दिशेने १०० चौरस किलोमीटरमध्ये सरासरी १८ टक्के. नगर जिल्ह्याचे क्षेत्रफळ १७ हजार चौरस किलोमीटर आहे, हेही लक्षात घ्यावे.

राज्य सरकारने २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने त्यासाठी ३० कोटी रुपये मंजूर केले. पण विमान मागवले जाते ते खंड पडल्यावर, म्हणजे नेमके जाड ढग नसताना. चांगल्या पावसाच्या वर्षी या विषयाचे नावही निघत नाही, जरी फवारणीजोगे ढग तेव्हाच असतात आणि धरणात साठवायला पाणीही तेव्हाच मिळते.

यापुढे जिल्हाधिकाऱ्यांकडे कृत्रिम पावसाचे निवेदन जाईल, तेव्हा त्यात आणखी दोन ओळी असाव्यात : फवारणीच्या प्रत्येक दिवशी ढगाची जाडी, त्यातील पाणी आणि हवेतील कण किती होते, याचे आकडे त्याच आठवड्यात जाहीर करा. आणि ज्या गावांवर फवारणी केली नाही, तेथील पर्जन्यमापकांची नोंदही शेजारी छापा.